सात चेहरे आणि एक चोरी

अमेरिकेचा मोठा तांब्याचा सेंट १७९३ ते १८५७ या काळात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पडला. त्याचे संग्राहक दोन पंथांचे. पहिला पंथ चित्रप्रकार जमवतो. सात वेगवेगळी चित्रे मिळाली की संच पुरा. दुसरा पंथ साच्यांमागे धावतो. त्या काळी साचे हाताने तयार होत, त्यामुळे केसांची एखादी बट किंवा सालातल्या आकड्यांमधले अंतर दर साच्यात बदले. विल्यम शेल्डनने १७९३ ते १८१४ एवढ्याच वर्षांच्या सेंटना २९५ पर्यंत क्रमांक दिले. मी पहिल्या पंथाचा, आणि या विषयात जितका खोल शिरलो, तितका त्या बाजूला घट्ट झालो.

सातांची ओळख चटकन करून घेऊ. १७९३ च्या पहिल्या सेंटवर स्वातंत्र्यदेवीचे केस विस्कटलेले, आणि मागच्या बाजूला पंधरा राज्यांची पंधरा कड्यांची साखळी. एकीचे चिन्ह म्हणून कोरलेली ही साखळी लोकांना बेडी वाटली. स्वातंत्र्याच्या नाण्यावर बेडी हा अपशकुन, असे वर्तमानपत्रातही छापून आले. ३६,१०३ नाणी पडल्यावर साखळी गेली आणि पानांची माळ आली. त्याच वर्षी जोसेफ राइटने काठीवर टोपी घेतलेली देवी घडवली. पीतज्वराच्या साथीत तो त्याच वर्षी वारला. १७९६ मध्ये रॉबर्ट स्कॉटची वस्त्र पांघरलेली देवी आली, १८०८ मध्ये जॉन राइकची केसांना पट्टी बांधलेली. युद्धामुळे तांब्याच्या चकत्या संपल्या, म्हणून १८१५ सालाचा सेंटच नाही. १८१६ पासून मुकुटवाली आणि १८३९ पासून ख्रिश्चन गोब्रेख्टची वेणीवाली. एका वर्षात तीन चेहरे बदलणाऱ्या नव्या देशाचा गोंधळ या संचात जसा दिसतो, तसा २९५ क्रमांकांच्या यादीत दिसत नाही.

यातला एक धागा मुंबईपर्यंत येतो. फिलाडेल्फियात पुरेशा चांगल्या चकत्या तयार होईनात, तेव्हा त्या बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून मागवल्या जाऊ लागल्या. याच बोल्टनच्या सोहो टांकसाळीत ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ चे तांब्याचे पैसे पाडून घेतले होते. त्यांवर तराजू आणि फारशीत ‘अदल’. मुंबईचा पैसा आणि नंतरच्या कितीतरी सेंटच्या चकत्या अशा एकाच कारखानदाराच्या.

आता शेल्डन. हा मूळचा मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या शरीराची ठेवण १ ते ७ अशा तीन आकड्यांत बसवून त्यावरून स्वभाव सांगता येतो, असे त्याचे मत होते. त्यासाठी त्याने नामांकित विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची विवस्त्र छायाचित्रे वापरली. तो सिद्धान्त शास्त्राने टाकून दिला. आकड्यांचे तेच वेड त्याने १९४९ मध्ये सेंटवर आणले. पुरते झिजलेले नाणे १, टांकसाळीतून नुकतेच आल्यासारखे निर्दोष नाणे ७०. आणि ७० दर्जाच्या नाण्याची किंमत १ दर्जाच्या सत्तर पट. किमतीचे हे गणित बाजाराने लवकरच मोडले, पण मोजपट्टी टिकली. आज मुंबईतल्या लिलावाच्या सूचीत ब्रिटिश अमलातल्या रुपयापुढे ‘एमएस ६३’ (मिंट स्टेट, म्हणजे न वापरलेले) दिसते, तो आकडा शेल्डनच्या पट्टीवरचा.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीकडे जॉर्ज क्लॅप या ॲल्युमिनियम उद्योजकाने आपला सेंटचा संग्रह दान केला होता. शेल्डनला अभ्यासासाठी तो खुला होता. तिथे त्याने काय केले, हे त्याच्या मृत्यूनंतर (१९७७) उलगडत गेले. ट्रेमधले उत्तम नाणे तो उचलायचा आणि त्याच साच्याचे, पण कमी दर्जाचे आपले नाणे तिथे ठेवायचा. अशी शंभराहून जास्त नाणी गेली. मोजदाद बरोबर, क्रमांक बरोबर. त्यामुळे ट्रे बघणाऱ्याला काहीच खटकत नसे. जुनी छायाचित्रे शेजारी ठेवून एकेक ओरखडा जुळवणाऱ्या जाणकारांनी ही अदलाबदल सिद्ध केली.

शेल्डनने ही नाणी असलेला आपला संग्रह हयातीतच कॅलिफोर्नियातल्या एका संग्राहकाला विकला होता. या संग्राहकाने रीतसर पैसे मोजले होते, चोरीची त्याला कल्पना नव्हती. नाणी परत मागण्याचा संस्थेचा दावा मुदतबाह्य झाला आहे का, यावर खटला अडला. मुदत मोजायची ती चोरीचा माल कोणाकडे आहे हे मूळ मालकाला कळल्यापासून, असे १९९६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ठरवले आणि संस्थेची बाजू उचलून धरली. मला हा निकाल न्याय्य वाटतो. विश्वासाने उघडलेल्या कपाटातली चोरी केवळ उशिरा कळली म्हणून पचू नये.

साच्यांचा अभ्यास वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. चोरी पकडली ती त्याच अभ्यासातल्या लोकांनी. पण नाणे न बघता चिठ्ठीवरचा क्रमांक बघायची सवय लागली, की शेल्डनसारख्याचे फावते. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने वेणीवालीपासून आरंभ करावा. ती स्वस्त आणि मुबलक. तिथून मागे सरकत यावे आणि १७९३ ची साखळी शेवटी ठेवावी. दर टप्प्यावर नाणे हातात घेऊन भिंगाखाली पुरते पाहावे, दर्जाचा आकडा नंतर वाचावा.