३ई ०५: आठ-बिट असेंब्लीबद्दलचे काही गैरसमज

महाराष्ट्रात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग केलेल्या कितीतरी जणांची असेंब्लीशी ओळख इंटेलच्या ८०८५ वर झाली. हेक्स कीपॅड असलेलं किट, शेजारी ओपकोडचा तक्ता आणि तोंडी परीक्षेत हमखास विचारले जाणारे फ्लॅग. परीक्षा संपली की विषयही सुटला. त्यांतले काही जण आता हौसेनं पुन्हा या जुन्या प्रोसेसरांकडे वळतात, पण सोबत असे काही समज घेऊन येतात की सुरुवातच अवघड होऊन बसते.

सगळ्यात पक्का समज म्हणजे जुनं यंत्र किंवा किट मिळवल्याशिवाय हे शिकता येत नाही. प्रत्यक्षात आजच्या कोणत्याही साध्या लॅपटॉपवर हे शिकता येतं. ८०८५ साठी जीएनयूसिम-८०८५ हा मोफत सिम्युलेटर आहे. प्रोग्राम लिहा, एकेक सूचना पुढे सरकवा, रजिस्टर आणि फ्लॅग बदलताना बघा. ६५०२ या दुसऱ्या आठ-बिट प्रोसेसरसाठी निक मॉर्गन यांचं ‘ईझी ६५०२’ थेट ब्राउझरमध्ये चालतं. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. कमोडोर ६४ साठी ‘व्हाइस’ आणि झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी ‘फ्यूज’ हे इम्युलेटर आहेत. आणि ‘व्हिज्युअल ६५०२’ तर प्रत्येकानं एकदा पाहावंच. या प्रकल्पातल्या मंडळींनी ६५०२ ची चिप उघडली, तिचे सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले आणि त्यावरून सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टरांची जोडणी पुन्हा उभी केली. सूचना चालू असताना चिपच्या कोणत्या रेषेवर व्होल्टेज आलं, हे रंगांत दिसतं. १९७५ सालच्या या चिपचं पोट इतकं उघडं करून दाखवणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही.

सिम्युलेटरची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. साधा सिम्युलेटर उत्तर बरोबर देईल, पण किती वेळ लागला हे तो खरं सांगेलच असं नाही. ८०८५ वरचं नेहमीचं डिले लूप घ्या. सी रजिस्टरमध्ये २५५ भरायचे, डीसीआर सी, मग जेएनझेड. डीसीआरला ४ टी-स्टेट, म्हणजे घड्याळाचे ठोके, उडी बसली तर जेएनझेडला १० आणि शेवटी न बसल्यास ७. सुरुवातीच्या एमव्हीआयचे ७ धरून बेरीज होते ३५७४. किटवर ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असेल तर आतलं घड्याळ त्याच्या निम्म्यानं चालतं, म्हणजे हे लूप साधारण १.१६ मिलिसेकंद घेतं. हाच प्रोग्राम जुन्या ८०८० वर चालतो, पण तिथे डीसीआरला ५ टी-स्टेट लागतात आणि उडी बसो वा न बसो, जेएनझेडला १०. हा हिशेब एकदा कागदावर हातानं करावाच. असेंब्ली अंगात मुरते ती इथे.

दुसरा समज: जुनी पुस्तकं कालबाह्य झाली. वेब प्रोग्रामिंगचं पुस्तक पाच वर्षांत शिळं होत असेल, पण ८०८५ जसा १९७६ मध्ये होता तसाच आहे. रमेश गावकरांचं ८०८५ वरचं पुस्तक आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरलं आणि ते आजही पहिलं पुस्तक म्हणून मी बेधडक सुचवेन, कारण ते हार्डवेअर आणि प्रोग्राम वेगळे पाडत नाही. लान्स लेव्हेंथल आणि रॉडने झॅक्स यांची १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेली झेड-८० आणि ६५०२ वरची पुस्तकंही तितकीच उपयोगी आहेत. जुनी झालीत ती त्यांतली असेंब्लरची आणि यंत्रं जोडण्याची प्रकरणं. ती खुशाल सोडून द्यावीत.

तिसरा समज जास्त नुकसान करतो: प्रत्येक प्रोसेसरची भाषा वेगळी, त्यामुळे एक शिकून दुसऱ्याला काही उपयोग नाही. हे सहा बाइट बघा: ३ई ०५ ०६ ०३ ८० ७६. ८०८५ मध्ये याचा अर्थ ए मध्ये ५ भर, बी मध्ये ३ भर, बेरीज कर, थांब. हेच सहा बाइट झेड-८० मध्ये टाका, नेमकं हेच घडतं. ८०८५ चा माणूस एमव्हीआय लिहितो, झेड-८० चा एलडी लिहितो. चिपला पोचतो तो ३ई हाच आकडा. झेड-८० घडवणारे फेडेरिको फॅजिन आणि मासातोशी शिमा आधी इंटेलमध्ये ८०८० वर काम करत होते आणि ८०८० चे प्रोग्राम नव्या चिपवर चालावेत हे त्यांनी ठरवूनच केलं.

६५०२ चं घराणं मात्र खरंच वेगळं. तिथे कॅरी न धरता बेरीज करणारी सूचनाच नाही, म्हणून बेरजेआधी सीएलसी देऊन कॅरी साफ करावा लागतो. वजाबाकीत तर ८०८५ च्या उलट व्यवहार: उसना घ्यावा लागला नाही तर कॅरी १ राहतो. ८०८५ वरून येणारा बहुतेकदा इथेच अडखळतो, तेव्हा पहिल्याच दिवशी ५ वजा ३ करून फ्लॅग तपासावा.

आठ बिट म्हणजे २५५ च्या पुढे मोजता येत नाही, असंही ऐकू येतं. शाळेत हातचा धरतो तसाच इथे कॅरी. २०० आणि १०० मिळवले की बाइटमध्ये ४४ उरतात आणि कॅरी १ होतो. तो वरच्या बाइटमध्ये मिळवला की ३०० पुरे. १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीचा मेंदू ८०सी८५ हा आठ-बिट प्रोसेसरच होता.

ओपकोड पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये. किटवर दहा-बारा प्रोग्राम हातानं भरले की लागणारे तेवढे आपोआप लक्षात राहतात, बाकीच्यांसाठी तक्ता आहेच.

आणि प्रत्यक्ष चिप जोडायचीच असेल तर? झायलॉगनं २०२४ मध्ये मूळ घराण्यातल्या झेड-८० चं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा आता काहीच मिळणार नाही अशी हळहळ झाली. पण ६५०२ चा सुधारित अवतार, ६५सी०२, वेस्टर्न डिझाइन सेंटर आजही विकतं. बेन ईटर यांची ब्रेडबोर्डवर संगणक उभा करण्याची व्हिडिओमालिका याच चिपवर आहे. ‘अस्सल’ म्हणून १९८० च्या आसपासचा ६५०२ शोधत बसण्यापेक्षा हाच घ्यावा. जुन्या चिपचं घड्याळ थांबवलं की तिच्या रजिस्टरांतला मजकूर पुसला जातो. ६५सी०२ चं घड्याळ हवं तितका वेळ रोखून धरता येतं. बटण दाबून एकेक ठोका द्यायचा आणि प्रत्येक ठोक्याला ॲड्रेस बसवरचे दिवे वाचायचे, हा अभ्यास नव्या चिपवरच जमतो.