साधं की पॉवर?

गाडीचा खर्च : लेखांक ६

देऊळगाव राजात पंपावर गाडी लावली की टाकीचं झाकण उघडायच्या आत प्रश्न येतो, "साधं टाकू की पॉवर?" कंपनीप्रमाणे नाव बदलतं. कुठे एक्सपी ९५, कुठे स्पीड, कुठे पॉवर. बोलताना मात्र सगळ्याला पॉवरच म्हणतात. रोज जालन्याला जाऊन-येऊन करणारी पोरं, चिखलीकडे निघालेले शेतकरी, सिंदखेड राजाहून समृद्धी महामार्गाला लागणारे कारवाले, यांतले बरेच जण लिटरमागे सात-आठ रुपये जादा देऊन ते टाकतात. का, म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: गाडी पळते, ॲव्हरेज वाढतं, इंजिन साफ राहतं. हे तीन दावे वेगवेगळे आहेत आणि तिन्हींची उत्तरंही वेगळी आहेत.

आधी ऑक्टेन म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण येतं, पिस्टन वर येताना ते दाबतो, आणि दाबलं की ते तापतं. मग प्लगची ठिणगी पडते. ज्योत प्लगपासून निघून कडेपर्यंत एका लयीत पसरली, तर पिस्टनला खाली नीट रेटा मिळतो. पण कडेचं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं ज्योत पोहोचायच्या आधीच आपोआप भडकलं, तर पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा धक्का बसतो. मे महिन्यातल्या दुपारी, गाडीवर तिघं बसलेली, राजूर घाटाचा चढ, आणि गिअर न उतरवता नुसती मूठ पिळली की इंजिनातून जी बारीक टकटक ऐकू येते, ती हीच. मेकॅनिक तिला नॉकिंग म्हणतात. ती रोजची झाली तर पिस्टन, रिंग, बेअरिंग सगळ्याला बाधते.

हा अवेळी भडका पेट्रोल किती रोखून धरतं, त्याचं माप म्हणजे ऑक्टेन. १९२६ मध्ये ग्रॅहॅम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं त्याची पट्टी बसवली. लगेच भडकणाऱ्या हेप्टेनला शून्य, दाब सोसणाऱ्या आयसो-ऑक्टेनला शंभर. ९१ ऑक्टेनचं पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसो-ऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतका दाब सोसणारं. या आकड्यात जोर किती, उष्णता किती, याचा काहीही हिशेब नाही. ९१वालं आणि ९७वालं, दोन्हींच्या लिटरमधली उष्णता जवळजवळ सारखीच असते.

म्हणजे जास्त ऑक्टेनचा फायदा जास्त दाबाच्या इंजिनालाच. आपल्याकडे रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणाऱ्या शंभर सीसीच्या गाड्यांचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, दहाच्या आसपास असतं. रॉयल एनफिल्डच्या नव्या ३५० सीसी गाड्यांचं साडेनऊ. चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं साडेबाराच्या वर जातं. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत नॉकिंग ओळखणारा सेन्सरच नसतो. तिथे ९७ टाका नाहीतर १००, ठिणगी ठरल्या वेळीच पडणार. गाडीला फरक कळायला काही जागाच नाही. टर्बो पेट्रोल कारचं वेगळं आहे. तिच्यात सेन्सर असतो. ऑक्टेन कमी पडलं की संगणक ठिणगी उशिरा पाडतो, पिकअप थोडा मरतो. ऑक्टेन वाढलं की तो परत मिळतो.

पण या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट गेल्या काही वर्षांत घडली, आणि पंपावर तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. साध्या पेट्रोलचंच ऑक्टेन वाढलं आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं तेव्हा साधं पेट्रोल किमान ९१ चं होतं. त्यानंतर इथेनॉल वाढत गेलं आणि २०२५ मध्ये ते वीस टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या घरात. ऑगस्ट २०२५ मध्ये ई२० वरून ओरड झाली, तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानंच सांगितलं की वीस टक्के इथेनॉलमुळे साधं पेट्रोल आता ९५ ऑक्टेनचं झालं आहे. मग ज्या ९५ साठी आपण जादा पैसे मोजतो, ते साध्या नोझलमधून येतंच आहे!

ऑक्टेन वाढवायची धडपड जुनी आहे, आणि तिची किंमत जगानं फार मोठी मोजली आहे. १९२१ मध्ये टॉमस मिजली यानं पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून नॉकिंग थांबवलं, आणि पुढची कित्येक दशकं लहान मुलांच्या रक्तात शिसं जात राहिलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. आज तेच काम इथेनॉल करतं. ते उसापासून होतं, तांदळापासून होतं आणि आता मोठ्या प्रमाणावर मक्यापासून होतं. आपल्या भागातल्या मका उत्पादकाला त्यामुळे एक नवं गिऱ्हाईक मिळालं, ही मला मनापासून चांगली गोष्ट वाटते. पण तोच शेतकरी पंपावर येतो तेव्हा त्याला दुसरी बाजूही कळायला हवी. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता साधारण एक तृतीयांशानं कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटलं आहे की ई१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं ॲव्हरेज ई२० वर सहा-सात टक्क्यांनी आणि दुचाकीचं तीन-चार टक्क्यांनी घटू शकतं. "पूर्वीसारखं ॲव्हरेज देत नाही" ही तक्रार मनाची नाही. मात्र ९५वालं पॉवर टाकून ती दूर होत नाही, कारण आता त्यातही इथेनॉल असतंच.

आता हिशेब मांडू. साधं १०५ रुपये धरा, पॉवर ११३. गाडी ५० चं ॲव्हरेज देते. जादाचे आठ रुपये नुसते वसूल व्हायला तिनं ५४ च्या जवळ द्यायला हवं. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१६ मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्यांत महाग पेट्रोल घालून पाहिलं. म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी ज्या गाड्यांना कंपनीच महाग पेट्रोल सुचवते, त्या तपासल्या. तिथेही ॲव्हरेज सरासरी २.७ टक्केच वाढलं. आपल्याला लागतात साडेसात. रोज जालना करणाऱ्याला महिन्याला तीसेक लिटर लागतं, म्हणजे वर्षाला पावणेतीन-तीन हजार जादा. तेवढ्यात ऑइल, प्लग, एअर फिल्टर सगळं वेळेवर बदलून होतं, आणि ॲव्हरेजला खरा हातभार त्यानंच लागतो.

एक्सपी १०० ची गोष्ट निराळी. इंडियन ऑइलनं ते डिसेंबर २०२० मध्ये आणलं, मथुरेच्या रिफायनरीत बनवून, आधी दहा शहरांत. ते इथेनॉल न मिसळता विकलं जातं, म्हणून जुनी गाडी जपणारे त्याची चौकशी करतात. दिल्लीत त्याचा भाव १६० रुपयांच्या घरात गेला. इथेनॉल नसल्यानं लिटरमागे फार तर सात टक्के जास्त उष्णता मिळेल. पैसे वसूल व्हायला ५० ची गाडी ७६ वर जावी लागेल.

राहिला इंजिन साफ राहण्याचा दावा. यात तथ्य आहे. महाग पेट्रोलमध्ये इंजेक्टर आणि व्हॉल्व्हवरची काजळी धुणारी रसायनं घातलेली असतात. गाडी बरीच जुनी असेल, पिकअप बसला असेल, तर एखाद-दोन टाक्या ते टाकून बघायला हरकत नाही. रोज नको.

मग कुणी घ्यावं? गाडीसोबत मिळालेलं पुस्तक काढा. त्यात ९५ पर्यंत लिहिलं असेल तर साधंच टाका. त्याहून जास्त लिहिलं असेल आणि गाडी टर्बोची किंवा परदेशी बनावटीची असेल, तर तेवढ्या ऑक्टेनचं पॉवर घ्या, विशेषतः उन्हाळ्यात आणि भरल्या गाडीनं घाट चढायचा असेल तेव्हा. एप्रिल २०२३ च्या आधीची, म्हणजे ई२० साठी न बनवलेली, गाडी असेल तर ऑक्टेनची काळजी सोडा आणि पेट्रोलची नळी, वायसर, सील प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासून घ्या. इथेनॉलनं रबर फुगतं, तडकतं.

जादा पैशांपेक्षा पंपावर हक्कानं मागायच्या गोष्टी मोलाच्या आहेत, आणि त्या फुकट आहेत. फिल्टर पेपर मागा. त्यावर नोझलचा एक थेंब टाका. तो उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीची शंका घ्या. त्या दिवसाची घनता फलकावर लिहिलेली हवी, ती ताडून दाखवा म्हणावं. मापाची शंका आली तर पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा. पावसाळ्यात तर जास्तच जागरूक राहा. इथेनॉल पाणी ओढतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी उतरलं तर इथेनॉल पेट्रोलपासून सुटून पाण्यासोबत तळाला बसतं, आणि तुमच्या टाकीत ते आलं की गाडी रस्त्यातच बंद पडते. तेव्हा पावती जपून ठेवा.