प्रवरपूर : आपल्या शेजारची राजधानी

राजधानी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिल्ली उभी राहते. लाल किल्ला, कुतुबमिनार, राष्ट्रपती भवन पाहण्यासाठी शाळांच्या सहली तिकडे जातात, आणि त्या जाव्यातच. परंतु नालवाडीच्या विद्यार्थ्याने त्याआधी आपल्या शेजारची एक जुनी राजधानी पाहावी, असे आम्हांस वाटते. तिचे नाव प्रवरपूर. वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीकाठी लागणारे पवनार हेच ते नगर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले.

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत विदर्भावर वाकाटक घराण्याचे राज्य होते. त्याच्या दोन शाखा विशेष प्रसिद्ध आहेत. एकीची राजधानी रामटेकजवळचे नंदिवर्धन, म्हणजे आजचे नगरधन. दुसरीची वत्सगुल्म, म्हणजे वाशीम. नंदिवर्धन शाखेचा राजा दुसरा रुद्रसेन वारला तेव्हा त्याची मुले लहान होती. त्याची राणी प्रभावतीगुप्ता ही सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. तिने मुलाच्या वतीने राज्यकारभार पाहिला व स्वतःच्या नावाने ताम्रपट दिले. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने विदर्भाचा कारभार चालविला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी अवश्य ध्यानात ठेवावी. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने नवी राजधानी वसविली. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील काव्य त्याच्याच नावावर आहे.

राजधानी बदलली हे आपल्याला कसे कळते? दानपत्र कोठून दिले, त्या स्थळाचा उल्लेख ताम्रपटात असतो. वाकाटकांचे आधीचे ताम्रपट नंदिवर्धनाहून निघालेले आहेत. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथे सापडलेला, प्रवरसेनाच्या अठराव्या राज्यवर्षाचा ताम्रपट मात्र प्रवरपुराहून दिलेला आहे. अक्षरांच्या माथ्यावर चौकोनी पेटी असलेल्या लिपीतील हे लेख मिराशींनी एकत्र संपादित केले. तो ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला.

पवनारला आज काय दिसते? १९३८ साली विनोबा भावे नालवाडीहून तेथे राहावयास गेले. आश्रमाच्या जमिनीत खोदताना जुनी शिल्पे निघाली. त्यांतील एकात राम-भरत भेट आहे, असे मानले जाते. ही शिल्पे आश्रमात पाहावयास मिळतात; त्यांतील काहींच्या अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खनन केले, तेव्हा वाकाटकांच्याही आधीपासूनची वस्ती उजेडात आली. नदीच्या पात्रातील स्तंभ मात्र अलीकडचा आहे. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग येथे विसर्जित झाला, त्याचे ते स्मारक.

पवनार हेच प्रवरपूर, यावर सर्वांचे एकमत नाही. रामटेकजवळ मनसर येथे गेल्या शतकाच्या अखेरीस मोठे उत्खनन झाले आणि प्रवरपूर तेथे असावे, असे काही विद्वान म्हणू लागले. या वादाने आपण नाराज होण्याचे कारण नाही. गावाच्या अभिमानापेक्षा पुरावा मोठा. तो पुरावा आजही शेतांखाली व घरांखाली आहे, आणि खरी चिंता त्याचीच आहे. पाया खणताना निघालेली वीट, नाणे किंवा मूर्ती जागेवरून हलली की तिची निम्मी साक्ष नाहीशी होते. म्हणून अशी वस्तू सापडल्यास ती उचलण्यापूर्वी जागा टिपून ठेवावी व जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. भूमिगत ठेव सापडल्यास तशी सूचना देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यानेच घातलेले आहे.

दिल्लीतील दोन अशोकस्तंभांची कथा येथे आठवते. फिरोजशाह तुघलकाने ते टोपरा व मेरठ येथून आणविले. शतकानुशतके ते लोकांच्या डोळ्यांसमोर उभे होते, पण त्यांवरील लेख कोणास वाचता येत नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कुठे प्रियदर्शी राजाचा धम्मसंदेश पुन्हा कळू लागला. अजिंठ्याचे सोळावे लेणे वत्सगुल्म शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने भिक्षुसंघास अर्पण केले, हेही तेथील शिलालेख वाचल्यामुळेच समजले. दगड टिकतो, त्याला बोलते करण्यासाठी वाचणारा लागतो.

असे वाचणारे आपल्या वसतिगृहातून घडावेत, ही आमची इच्छा आहे. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी एका रविवारी मुलांना घेऊन पवनारला जावे आणि ती शिल्पे त्यांना निवांतपणे पाहू द्यावीत. दिल्लीची सहल पुढे होईलच. तिची तयारी धामेच्या काठी सुरू करता येईल.