मुंबईच्या सार्वजनिक बागा व त्यांचे दाखले

पेण व रोहे या बाजूच्या जुन्या घरांतून जे रुमाल संग्राहकांच्या हातीं येतात, त्यांतून सनदा, निवाडपत्रें, महजर व वंशावळी हीं प्रथम निवडलीं जातात. गुरचरण, राई, तळें, बांध, आंब्याच्या उत्पन्नाची वांटणी अशा विषयांचे कागद ‘किरकोळ’ म्हणून बाजूस पडतात व पुष्कळदां परत बांधलेही जात नाहींत. या किरकोळ कागदांचें मोल काय, हें ठरविण्यास एक उदाहरण जवळच आहे. तें मुंबई शहरांतील सार्वजनिक बागांचें व मैदानांचें होय.

मुंबईच्या जुन्या मोकळ्या जागांची पूर्वपीठिका पाहूं लागलें असतां एक गोष्ट ठळकपणें दिसते. यांपैकीं बहुतेक जागा नागरिकांनीं हिंडावें-फिरावें म्हणून प्रथम राखलेल्या नव्हत्या. कोणती तोफेच्या माऱ्यासाठीं मोकळी ठेवलेली, कोणती मालाच्या गठ्ठ्यांसाठीं, कोणतीच्या पोटांत पाण्याचा सांठा, तर कोणती रोपें वाढविण्याची. मूळचें प्रयोजन संपलें किंवा बदललें, पण जागा उरली. म्हणून अशा जागेचा इतिहास ‘बाग’ या सदराखालीं शोधणारा बहुधा रिकाम्या हातीं परततो. मूळ प्रयोजन कळलें म्हणजे कागद कोठें असतील हेंही कळतें. हें विधान पुढील पांच दाखल्यांनीं स्पष्ट होईल.

(१) तोफेच्या पल्ल्याची जागा

दक्षिण मुंबईंत आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व कूपरेज अशी मोकळ्या जागांची एक माळ उत्तर-दक्षिण पसरलेली आहे. आज नांवें चार आहेत. मूळची जागा एकच, एस्प्लनेड. इंग्रजांच्या किल्ल्याच्या तटाबाहेर शत्रूस आडोसा मिळूं नये व तोफेचा मारा अडूं नये, एवढ्यासाठीं ही पट्टी मोकळी राखली होती. इ. स. १८०३ च्या फेब्रुवारींत किल्ल्याच्या आंत मोठी आग लागली. त्यानंतर ही पट्टी तटापासून ८०० यार्डांपर्यंत वाढविण्यांत आली. सर बार्टल फ्रिअर हे गव्हर्नर असतांना (१८६२–६७) तट पाडण्याचें काम झालें. तटाबरोबर पट्टीचें लष्करी प्रयोजनही संपलें. कांहीं भागावर रस्ते व सरकारी इमारती उठल्या. उरलेला भाग मैदानांच्या रूपानें शहरास लाभला.

या मैदानांचीं नांवें देखील दाखल्यासारखींच आहेत. क्रॉस मैदानाचें नांव तेथील जुन्या क्रुसावरून पडलें, कूपरेजचें पिंपें बनविणाऱ्या कारागिरांवरून. चर्नी रोड या नांवाचा संबंधही याच पट्टीशीं जोडला जातो. किल्ल्याबाहेरील मैदानांत गुरें चारण्यावर सरकारनें फी बसविली, तेव्हां सर जमशेटजी जिजीभाई यांनीं इ. स. १८३८ मध्यें ठाकुरद्वारानजीक कुरण विकत घेऊन गुरांना मोकळें केलें, व त्या चरणीवरून रस्त्यास नांव मिळालें, असें सांगतात. आज तेथें ना कुरण आहे, ना गुरें. रेल्वेच्या पाटीवर नांव मात्र आहे.

ओव्हलच्या एका बाजूस एकोणिसाव्या शतकांतील गॉथिक धाटणीच्या इमारती व दुसऱ्या बाजूस विसाव्या शतकांतील आर्ट डेको घरांची रांग आहे. या दोन्ही समूहांस मिळून इ. स. २०१८ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशांत स्थान मिळालें. दोन शतकांच्या इमारती समोरासमोर एका दृष्टिक्षेपांत दिसतात, याचें कारण मधली जागा रिकामी राहिली. आणि ती रिकामी राहिली याचें मूळ किल्लेदारीच्या हिशेबांत आहे. त्या जागेचा इतिहास लिहिणारानें तट, तोफखाना व लष्करी बांधकाम यांचे कागद आधीं पाहिले पाहिजेत.

(२) कापसाचें पटांगण

टाउन हॉलसमोरील हॉर्निमन सर्कल ही वर्तुळाकार बाग आज फोर्टांतील गर्दींत विसाव्याची जागा आहे. येथें पूर्वीं बॉम्बे ग्रीन नांवाचें पटांगण होतें व त्यावर कापसाचे गठ्ठे रचले जात. इ. स. १८४४ मध्यें कापसाचा हा बाजार कुलाब्यास हलविण्यांत आला. पुढें पटांगणाभोंवतीं एकसारख्या इमारतींचें वर्तुळ व मध्यें बाग अशी रचना होऊन तिला एल्फिन्स्टन सर्कल म्हणूं लागले. तें काम १८७२ च्या सुमारास पुरें झालें. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचें नांव तिला स्वातंत्र्यानंतर मिळालें.

कापसाचा बाजार मात्र कुलाब्यासही कायम राहिला नाहीं. विसाव्या शतकांत तो शिवडीकडे गेला व तेथील रेल्वे स्टेशनास कॉटन ग्रीन हें नांव पडलें. म्हणजे एकच नांव तीन ठिकाणीं फिरलें. व्यापाऱ्याच्या एखाद्या जुन्या पत्रांत ‘कापसाचें मैदान’ आलें, तर तें कोणतें हें केवळ पत्राच्या मितीवरूनच ठरतें. आमच्या बाजूच्या संग्राहकांनीं येथें आणखी एका शब्दाविषयीं सावध असावें. ‘कुलाबा’ हें मुंबईच्या दक्षिण टोंकाचें नांव आहे, तसेंच तें अलिबागच्या जलदुर्गाचेंही आहे. आणि त्या दुर्गावरून ज्या जिल्ह्यास कुलाबा म्हणत, तो इ. स. १९८१ पासून रायगड झाला आहे. मिती व संदर्भ न पाहतां कुलाब्याचा कागद कोणत्याही एका ढिगांत टाकूं नये.

या बागेसमोरचा टाउन हॉल इ. स. १८३३ मध्यें पूर्ण झाला. त्यांतील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयांत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या संग्रहांतील संस्कृत पोथ्या आहेत. भाऊ दाजींचा संबंध पुढील एका बागेशींही येतो.

(३) पाण्यावरची बाग

मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान लोकांत हँगिंग गार्डन या नांवानें ठाऊक आहे. समोरच्या कमला नेहरू पार्कांतील ‘म्हातारीचा बूट’ पाहिला नाहीं, असें मुंबईस जाऊन आलेलें मूल आमच्याकडे विरळा. परंतु हँगिंग गार्डनची हिरवळ ज्यावर आहे, तें शहरास पाणी पुरविणारें मोठें टांकें होय, इ. स. १८८० नंतरच्या दशकांत टांकें व बाग यांची जोडी जमली. टांक्याचें छत झांकण्यास माती, व माती धरण्यास हिरवळ, असा हा संसार आहे.

याचा परिणाम अलीकडेच दिसून आला. इ. स. २०२३ मध्यें महानगरपालिकेनें जुनें टांकें नव्यानें बांधण्याचा विचार पुढें आणला. तसें झाल्यास बाग दीर्घकाळ बंद राहील व झाडें तोडावीं लागतील, म्हणून रहिवाशांनीं हरकती घेतल्या. वाद झाडांविषयीं होता, पण त्याचा निर्णय टांक्याच्या भिंतींची तपासणी केल्याखेरीज होण्यासारखा नव्हता. बागेचें दैव तिच्या खालच्या प्रयोजनाशीं किती घट्ट बांधलेलें असतें, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

(४) रोपवाटिका व घारापुरीचा हत्ती

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचें वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, हिचें मूळ पश्चिम हिंदुस्थानच्या कृषि-उद्यान संस्थेंत आहे. या संस्थेची आधींची बाग शिवडीस होती. ती जागा पुढें दफनभूमि झाली. भायखळ्याची नवी बाग लेडी फ्रिअर यांच्या हस्तें १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं उघडण्यांत आली, व इ. स. १८७३ मध्यें ती नगरपालिकेच्या ताब्यांत गेली. बागेच्या आवारांतील वस्तुसंग्रहालय १८७२ मध्यें सुरू झालें. त्याच्या उभारणींत नाना शंकरशेट व भाऊ दाजी हे अग्रभागीं होते, इ. स. १९७५ पासून त्यास भाऊ दाजींचें नांव आहे.

या आवारांत एक वस्तु अशी आहे, कीं ती आमच्या जिल्ह्याची म्हटली पाहिजे. पेणच्या शेजारच्या उरण तालुक्यांतील घारापुरी बेटावर उतरण्याच्या जागेजवळ दगडांत कोरलेला मोठा हत्ती होता. पोर्तुगीजांनीं त्यावरूनच बेटास हत्तीचें नांव दिलें. इ. स. १८१४ मध्यें त्याची मान व डोकें ढांसळलें, पुढें धडही ढांसळलें. इ. स. १८६४ मध्यें ते तुकडे मुंबईस आणून या बागेंत ठेवण्यांत आले. तेथें पन्नास वर्षें ते ढीग होऊन पडले होते. इ. स. १९१४ मध्यें कॅडेल व ह्यूएट यांनीं ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. बेटाचें एलेफंटा हें नांव जगभर गेलें. तें ज्यावरून पडलें तो हत्ती मात्र भायखळ्यास झाडांच्या सावलींत उभा आहे.

याच आवारांत इ. स. १९६५ मध्यें शहराच्या चौकांतून उतरविलेले इंग्रजी अंमलांतील पुतळेही आले. त्यांत १८७९ चा ‘काळा घोडा’ होता. घोडा हलला तरी त्या भागास लोक काळा घोडाच म्हणत राहिले; इ. स. २०१७ मध्यें तेथें स्वाराविना दुसरा घोडा उभारण्यांत आला. वस्तु एका जागीं, नांव दुसऱ्या जागीं, हा प्रकार हस्तलिखितांच्या बाबतींतही नित्याचा आहे. पोथी ज्या घरीं सांपडली त्या घरची ती असेलच असें नाहीं. हत्तीच्या स्थलांतराचीं सालें नोंदलेलीं राहिलीं म्हणून त्याचें मूळस्थान आज निर्विवाद सांगतां येतें. रुमालाबाहेर काढलेल्या सुट्या कागदाला हें भाग्य नसतें.

(५) प्लेगनंतरची आखणी व एका नांवाचें साल

इ. स. १८९६ च्या प्लेगनें मुंबईच्या दाट वस्तीचा दोष उघड केला व १८९८ मध्यें सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंग्याच्या आखणींतील पांच बागा त्या प्रयत्नांतून निघाल्या. येथें प्रथमच मोकळी जागा ही आरोग्याची गरज म्हणून नकाशांत घातलेली दिसते. दादरचें शिवाजी पार्क नगरपालिकेनें इ. स. १९२५ मध्यें लोकांस खुलें केलें, तेव्हां त्याचें नांव माहीम पार्क होतें; १९२७ मध्यें नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें तें शिवछत्रपतींच्या नांवें झालें.

या १९२७ सालाकडे इतिहासाभ्यासकांचें विशेष लक्ष गेलें पाहिजे. महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे इ. स. १६२७ मध्यें, झाला, ही त्या वेळची रूढ समजूत. तिला अनुसरून १९२७ मध्यें त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाले. लोकमान्य टिळकांनीं उजेडांत आणलेली जेधे शकावली इ. स. १९१६ मध्येंच प्रसिद्ध झाली होती, व तींत जन्मतिथि शके १५५१ फाल्गुन वद्य ३, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी दिलेली होती. आज तीच तिथि मान्य झाली आहे. मैदानास नांव देण्याचें साल म्हणजे एका जुन्या कालगणनेचा, नकळत राहिलेला, शिक्काच होय.

उपसंहार

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. मुंबईचे हे पांचही दाखले हेंच सांगतात, कीं मोकळी जागा आपोआप टिकत नाहीं; तिच्या पाठीशीं कोणाचें तरी प्रयोजन असावें लागतें, व तें प्रयोजन कागदावर असावें लागतें. पेण तालुक्याचा कांहीं भाग आज मुंबई महानगर प्रदेशांत मोडतो; रोहे हें कोंकण रेल्वेचें आरंभस्थान आहे. भोगावती व कुंडलिका यांच्या कांठच्या या गांवांत मुंबईसारखा तट वा कापसाचें पटांगण नाहीं. येथील मोकळ्या जागा म्हणजे गुरचरणें, देवराया, तळ्यांचे कांठ, खाजणें व खारबंदिस्तीचे बांध. वस्ती वाढूं लागली म्हणजे ‘ही जागा कोणाची व कशासाठीं ठेवली होती’ हा प्रश्न येणारच. त्याचें उत्तर सनदेंत क्वचित् मिळेल. तें बहुधा त्या बाजूस पडलेल्या किरकोळ कागदांत असेल.

म्हणून संग्राहकांस विनंति एवढीच, कीं रुमाल सोडतांना हे कागद निराळे काढून टाकूं नयेत. जागेचें नांव, चतुःसीमा, सीमेवरील झाडें, राखणदार कोण, चराई किंवा फळें यांचा हक्क कोणाचा, व मिती, एवढें टिपण प्रत्येक कागदावरून करावें. रुमाल कोणत्या गांवच्या कोणत्या घरचा, हें वेष्टनावर लिहावें व मूळ क्रम मोडूं नये. घारापुरीच्या हत्तीचे तुकडे पन्नास वर्षें ढिगांत पडूनही पुन्हा जुळले, कारण दगड टिकाऊ होता. आपल्या हातीं कागद आहे, आणि त्यास वाळवी व पावसाळा इतका अवधि देत नाहींत.