लंगोटाखालची बुरशी

सर्दी-खोकल्यासाठी दिलेलं अँटिबायोटिक संपतं, खोकला थांबतो, घरातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात. आणि दोन दिवसांनी दीड वर्षाचं पोर डायपर बदलताना एकदम किंचाळायला लागतं. पाय पोटाशी घेतं, हात लावू देत नाही. पाहावं तर दोन्ही जांघा लालभडक. आजी म्हणते, उष्णता झाली असेल. शेजारीण म्हणते, डायपर बाधलं. संध्याकाळी बाबा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब घेऊन येतात. शेजारणीच्या म्हणण्यात बरंच तथ्य असतं, आजीच्याही थोडं असतं. धोका बहुतेक वेळा त्या ट्यूबमध्ये असतो.

या त्रासामागे असते ती कँडिडा अल्बिकन्स नावाची यीस्ट जातीची बुरशी. ती बाहेरून कुठून तरी येऊन चिकटते, घरात अस्वच्छता आहे म्हणून होते, असा समज आहे आणि त्यापायी कित्येक आया उगीच अपराधी वाटून घेतात. कँडिडा धडधाकट माणसाच्या तोंडात आणि आतड्यात मुळातच राहते. आतड्यातले जिवाणू तिच्या शेजारी असतात आणि तिला फार वाढू देत नाहीत. अँटिबायोटिक मारतं ते जिवाणूंना, बुरशीला त्याने काही होत नाही. शेजारी गेले की तिला मोकळं रान मिळतं, तिची संख्या वाढते आणि ती शीबरोबर बाहेर येते. खोकल्याचं औषध आणि जांघेतला लाल चट्टा यांचा संबंध तो असा.

पण नुसती बुरशी अंगाला लागली म्हणून कातडी सोलवटत नाही. त्याआधी कातडीचं कुंपण मोडावं लागतं, आणि ते काम डायपरच्या आत शी आणि शू मिळून करतात. निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्ल असतो, साधारण ४.५ ते ५.५ पीएच. शूमध्ये युरिया असतो. शीतले जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि त्वचेचं ते आम्लपण निघून जातं. अमोनियाच कातडी जाळतो असं पूर्वी मानत. खरं नुकसान त्यापुढच्या टप्प्यात होतं. आम्लपण गेलं की शीतली प्रथिनं आणि चरबी पचवणारी एन्झाइम जोरात काम करू लागतात, आणि समोर अन्न नसल्यामुळे ती बाळाची कातडीच पचवायला घेतात. म्हणून शूने ओला झालेला डायपर थोडा वेळ राहिला तर फारसं बिघडत नाही, पण शी झालेला डायपर तासभर राहिला तर कातडी लाल होते. जुलाब लागलेल्या मुलाचं बूड एका दिवसात का सोलवटतं, याचं उत्तरही इथेच आहे. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी तुलनेने सौम्य असते. वरचं अन्न सुरू झालं की तिचा स्वभाव बदलतो, त्यामुळे हा त्रास नऊ-दहा महिन्यांनंतर जास्त दिसू लागतो.

आता कँडिडाकडे वळू, कारण या बुरशीची एक खोड फार महत्त्वाची आहे. एरवी ती गोल, एकेकट्या पेशींच्या रूपात असते आणि त्या रूपात निरुपद्रवी असते. पण ३७ अंशांची ऊब, ओल आणि कमी झालेलं आम्लपण एकत्र मिळालं की ती रूप बदलते. गोल पेशींना लांब तंतू फुटतात आणि ते कातडीच्या वरच्या थरात घुसतात. हे तंतू कँडिडालायसिन नावाचं एक विष सोडतात आणि त्याने पेशींच्या पडद्याला भोकं पडतात, हे २०१६ मध्ये उघड झालं. माणसाला रोग करणाऱ्या बुरशीकडे पेशी फोडणारं असं छोटंसं प्रथिन असतं, हे तोवर कोणाला ठाऊक नव्हतं. बुरशीला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी घट्ट बांधलेल्या डायपरमध्ये तयारच असतात.

साधा डायपर रॅश आणि बुरशीचा रॅश ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. उजेडात बाळाला आडवं करून पाय हळूच फाकवा आणि घड्यांच्या आत पाहा. साधा रॅश डायपर जिथे घासतो तिथे असतो, म्हणजे बुडाच्या फुगीर भागावर, पोटाच्या खालच्या बाजूला, मांडीच्या वर. जांघेच्या वळ्या आतून बऱ्याचदा स्वच्छ असतात. बुरशी याच्या उलट वागते. तिला घडीतली ओलच हवी असते. तिथली कातडी कच्च्या मांसासारखी लाल, चकचकीत दिसते, कडेला बारीक पांढरट पापुद्रा असतो, आणि मुख्य पट्ट्यापासून जरा दूर लाल ठिपके नाहीतर पूभरल्या बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात. हे विखुरलेले ठिपके दिसले की निदान जवळजवळ पक्कं समजावं. साधा रॅश नीट काळजी घेऊनही तीन दिवसांत हटला नाही, तरी त्यावर बुरशी बसली असण्याची शक्यता मोठी असते. जाता जाता बाळाचं तोंडही उघडून पाहावं. जिभेवर आणि गालांच्या आतून दह्याच्या साक्यासारखा पांढरा थर असेल आणि सहज पुसून निघत नसेल, तर तीच बुरशी तिथेही आहे. मग फक्त खालून मलम लावून भागत नाही.

घरी करायचं काम साधं आहे, पण ते चिकाटीने करावं लागतं. शी झाली की लगेच, आणि एरवी दोन-तीन तासांनी डायपर बदलायचा. कोमट पाण्याने धुवायचं, साबण प्रत्येक वेळी नको. सुगंधी ओले वाइप्स या दिवसांत बाजूला ठेवावेत, सोललेल्या कातडीला ते झोंबतात. मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही. आणि मग सगळ्यात मोलाचा उपाय, ज्याला पैसे पडत नाहीत: खाली जुनं दुपटं टाकून बाळाला पंधरा-वीस मिनिटं तसंच उघडं खेळू द्यायचं. दिवसातून तीन-चार वेळा हे जमलं तर अर्धं काम होतं. दुपटी धुवावी लागतील, फरशी पुसावी लागेल. चालवून घ्यावं.

कातडी पूर्ण कोरडी झाली की बुरशीविरोधी मलम. आपल्याकडे सहज मिळतं ते १ टक्का क्लोट्रिमाझोल. बोटाच्या टोकावर मावेल एवढंच घेऊन घडीच्या आतपर्यंत पातळ थर द्यायचा, दिवसातून दोन-तीन वेळा. तो जिरला की त्यावर झिंक ऑक्साइडचा जाड लेप. क्रम उलटा करू नये, झिंकच्या थरातून औषध खाली पोचत नाही. पुढच्या वेळी तो पांढरा लेप खरवडून काढायचाही अट्टहास नको. वरची घाण पुसून घ्यावी, उरलेला थर कातडीचं रक्षणच करतो. दोन-तीन दिवसांत लाली उतरू लागते आणि इथेच बहुतेक घरांत औषध थांबतं. कातडी स्वच्छ दिसली तरी पुढचे दोन-तीन दिवस मलम चालू ठेवावं लागतं, नाहीतर आठवड्याभरात पुन्हा तोच प्रकार. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला हे मलम पहिल्यांदा लावण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना एक फोन जरूर करावा.

या औषधांमागची कथा सांगण्यासारखी आहे. बुरशीला मारणं जिवाणूला मारण्यापेक्षा अवघड, कारण बुरशीची पेशी आपल्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. एक फरक मात्र कामाचा: आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, बुरशीच्या पडद्यात एर्गोस्टेरॉल. क्लोट्रिमाझोल हे एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाही. त्याच्या आधीचं औषध निस्टॅटिन एर्गोस्टेरॉलला चिकटून पडद्याला भोकं पाडतं. ते शोधलं न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोन स्त्रियांनी. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात होत्या, रेचेल ब्राउन ऑल्बनीत. हेझन ठिकठिकाणची माती मागवत, तिच्यातले सूक्ष्मजीव वाढवून बुरशीवर त्यांचा परिणाम तपासत. आशा वाटली की तो नमुना काचेच्या बरणीत घालून टपालाने ब्राउनकडे पाठवत. ब्राउन त्यातलं औषधी द्रव्य वेगळं काढून टपालानेच परत करत. व्हर्जिनियातल्या एका परिचितांच्या शेतावरच्या मातीत हवं ते सापडलं आणि १९५० साली दोघींनी शोध जाहीर केला. पेटंटचे एक कोटी तीस लाखांहून जास्त डॉलर आले. दोघींनी स्वतःसाठी काही घेतलं नाही, सगळे विज्ञान संशोधनाला दिले. पुढे १९६६ च्या पुरात फ्लॉरेन्समधली जुनी चित्रं बुरशीने खराब होऊ लागली, तेव्हा तिथेही निस्टॅटिन वापरलं गेलं. आपल्या पिंपरीचाही या इतिहासात वाटा आहे. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली हमायसिन हे निस्टॅटिनच्याच कुळातलं औषध पुढे आणलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पुणेकर-पिंपरीकरांनाही हे फारसं माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

आता ती मेडिकलमधली ट्यूब. आपल्या बाजारात खाज, नायटा, रॅश, सगळ्यांवर एकच म्हणून मिळणाऱ्या ट्यूबांमध्ये बऱ्याचदा तीन औषधं एकत्र असतात: बुरशीविरोधी, जिवाणूविरोधी आणि जहाल स्टेरॉइड. स्टेरॉइडने सूज आणि लाली एका रात्रीत उतरते, मूल शांत झोपतं, आणि घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबलेली असते आणि बुरशी शांतपणे पसरत असते. त्यातून डायपरच्या आत बंद झालेल्या पातळ कातडीतून स्टेरॉइड शरीरात कितीतरी जास्त शोषलं जातं. महिनोन्महिने असं मलम लावल्यामुळे चेहरा गोल सुजलेला, वजन वाढलेलं पण उंची खुंटलेली, अशा बाळांच्या नोंदी भारतातल्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती दुकानात मागितल्यावर मिळतात, ही चीड आणणारी गोष्ट आहे. म्हणून ट्यूबवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, खालची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ती ट्यूब बाळासाठी नाही. डॉक्टर कधी कधी सौम्य हायड्रोकॉर्टिसोन मोजके दिवस देतात. तो निर्णय तपासून घेतलेला असतो, दुकानदाराच्या अंदाजाने नव्हे.

घरगुती उपायांतही तारतम्य हवं. खोबरेल तेल साध्या रॅशवर आडोसा म्हणून चालतं, पण बुरशीचं औषध म्हणून त्यावर विसंबू नये. हळद आणि डाळीचं पीठ घडीत अडकून बसतं आणि काढताना कातडी आणखी सोलते. जंतुनाशक द्रव पाण्यात घालून धुतलं तर आग होते. खाण्याचा सोडा तर मुळीच नको. एक तर तो उरलंसुरलं आम्लपण घालवतो, शिवाय सोललेल्या कातडीतून आत शोषला जाऊन बाळाच्या रक्तातला क्षार बिघडल्याचं १९८१ साली नोंदलं गेलं आहे. बोरिक पावडरने पूर्वी बाळं दगावली आहेत. टाल्कम पावडर घडीत गोळा होते आणि उडून बाळाच्या श्वासात जाते.

कापडी लंगोट वापरणाऱ्यांनी पावसाळ्यात विशेष सांभाळावं. जुलैत कोकणात, मुंबईत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि दमट लंगोट बांधून वरून प्लास्टिकची चड्डी चढवली की बुरशीला हवं ते सगळं मिळालं. लंगोट गरम पाण्याने धुऊन साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावेत आणि ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरवून खडखडीत कोरडे करावेत. पाळणाघरात मूल जात असेल तर तिथल्या ताईंना मलमाची वेळ आणि डायपर बदलण्याचं अंतर कागदावर लिहून द्यावं.

ताप आला, पुटकुळ्या मोठ्या होऊन पू किंवा रक्त येऊ लागलं, चट्टे डायपरच्या बाहेर पोटावर-पाठीवर पसरले, किंवा मलम नीट लावूनही तीन-चार दिवसांत काही उतार दिसला नाही, तर घरचे उपाय थांबवून बालरोगतज्ज्ञांकडे जावं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला वाट न पाहता दाखवावं. हा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल, बाळाचं वजन वाढत नसेल, तोंडाभोवतीही तसेच चट्टे असतील, तर जस्ताची कमतरता किंवा प्रतिकारशक्तीचा एखादा दोष तपासावा लागतो. आणि जाताना आतापर्यंत जी जी ट्यूब लावली ती सोबत न्यावी. स्टेरॉइड लागलं असेल तर रॅशचं रूप बदलतं, आणि डॉक्टरांना ते कळायला ट्यूबवरची बारीक अक्षरंच लागतात.