कुंपणाआडचा देश : विभावरी शिरूरकर यांची ‘बळी’

परळ-लालबागच्या गिरण्यांचा भोंगा झाला की कामगार चाळींतून बाहेर पडत आणि पाळी संपली की चाळींत परतत. सोलापुरातही गिरण्या होत्या, भोंगे होते. मात्र तेथील काही कामगार ज्या वस्तीत परतत, तिला तारेचे कुंपण होते आणि हजेरी चुकत नसे. गुन्हा सिद्ध झाल्यामुळे ते तेथे होते असे नव्हे. इंग्रज सरकारने कायद्यान्वये ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमातींत त्यांचा जन्म झाला होता. व्यापारी घराण्यात आजोबांची पत नातवाच्या कामी येते. सेटलमेंटमध्ये आजोबांवरचा संशय नातवाच्या नावे ओढला जाई.

या जगावर १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लेखिका विभावरी शिरूरकर, अर्थात मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१). ‘कळ्यांचे निःश्वास’ या १९३३ च्या कथासंग्रहाने त्यांनी मोठी खळबळ उडविली होती. त्या टोपणनावामागे कोण, याचीच चर्चा अधिक झाली. पुढे सरकारी नोकरीत सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांनी काम केले. ‘बळी’तील मांग-गारुडी माणसे तेथून आली.

राष्ट्रीय चळवळीचे पडसाद मराठी लेखिकांच्या कथा-कादंबऱ्यांत उमटतच होते. त्या साहित्यात तुरुंगवास हा देशभक्ताचा मान असे. सुटून आलेल्याच्या गळ्यात हार पडत. ‘बळी’तील कैदेला असे तेज नाही. ती जन्मासोबत येते, म्हणून तिच्यातून सुटण्याची तारीखही नसते. देश स्वतंत्र झाला म्हणजे नेमके कोण स्वतंत्र झाले, हा प्रश्न मालतीबाईंनी घोषणा न देता उभा केला. कादंबरीचे खरे सामर्थ्य येथे आहे.

कादंबरी आली त्याच वर्षी २६ जानेवारीला संविधान अमलात आले आणि कायद्यापुढे सर्व नागरिक समान ठरले. तो जुना कायदा देशभर रद्द होण्यास मात्र ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. पाठोपाठ सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांचा संशय त्याच वस्त्यांभोवती घुटमळत राहिला.

मालतीबाई त्या व्यवस्थेत अधिकारी म्हणून वावरल्या, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांची सहानुभूती खरी होती. तरी सायंकाळी हजेरीसाठी त्यांना उभे राहावे लागत नव्हते. अशा जमातींत जन्मलेल्यांनी स्वतः लिहिलेली आत्मकथने मराठी वाचकांच्या हाती पडण्यास पुढे तीस वर्षे लागली : लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली, तर लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली.