तिथीची पाऊणकी आणि डावीकडचा चौकोन

दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याच्या फेरीबोटीची वाट बघत होतो. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलांना सहज विचारलं, "काका, आज भरती किती वाजता?" त्यांनी ना घड्याळ बघितलं, ना मोबाइल काढला. "आज सप्तमी ना? सव्वापाच."

सातची पाऊणपट सव्वापाच. शाळेतली पाऊणकी आपण केव्हाच विसरलो, राजपुरी खाडीच्या तोंडाशी ती अजून कामात आहे. कोकण किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास लागते. तिथून तिथीमागे पाऊण तास पुढे मोजायचं. अष्टमीला सहा वाजतात. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच.

खरं तर पंधरा तिथींत भरती पुरे बारा तास पुढे सरकते. म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं, जुन्या मापात नेमक्या दोन घटका. पाऊण तास ही तोंडी हिशेबाची सोय. सप्तमीपर्यंत तिच्यात २१ मिनिटांची तूट साचते. मचवा बाहेर काढायला तेवढी चालते.

घरी आल्यावर हाच हिशेब एक्सेलमध्ये घातला. एका रकान्यात तिथी, उजवीकडे भरती. ४८ मिनिटं म्हणजे ०.८ तास आणि एक्सेलच्या लेखी अख्खा दिवस म्हणजे १, म्हणून तिथीला ०.८ ने गुणायचं, १२ मिळवायचे आणि २४ ने भागायचं. दर महिन्याला नवं पान, कधी तिथीचा रकाना दुसरा, कधी पाचवा. म्हणून या पायऱ्यांचा मॅक्रो रेकॉर्ड केला आणि तिथेच फसलो. कुठल्याही चौकोनात उभा राहून चालवला, तरी तो धावत पहिल्या दिवशीच्या त्याच चौकोनात जाई.

गंमत अशी, की रेकॉर्डर सूत्र सापेक्षच लिहितो. त्यात ‘आरसी[-१]’ असं दिसतं. आर म्हणजे रो, सी म्हणजे कॉलम; अर्थ एवढाच, की याच ओळीत एक घर डावीकडे. खिळा बसतो तो चौकोन निवडण्याच्या हालचालीला. रेकॉर्ड करण्याआधी ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ हे बटण दाबलं असतं, तर तोही बसला नसता. मी शेवटी निवडीची ओळच खोडली आणि ‘ॲक्टिव्हसेल’च्या जागी ‘सिलेक्शन’ लिहिलं. आता महिन्याचा रकाना निवडून एकदा चालवला, की प्रत्येक चौकोन आपापल्या डावीकडची तिथी उचलतो.

हा प्रश्न स्प्रेडशीटइतकाच जुना. १९७९ च्या व्हिजिकॅल्कमध्ये सूत्र दुसरीकडे उतरवताना प्रत्येक पत्त्यागणिक विचारणा होई: हा तसाच ठेवू, की सापेक्ष करू? आर-सीची पद्धत मायक्रोसॉफ्टच्या १९८२ च्या मल्टिप्लॅनमधली.

पण सगळंच सापेक्ष करून भागत नाही. मुंबईची आणि दिघीची भरती मिनिटाला मिनिट जुळत नाही, खाडीत आत गेलं की आणखी उशीर. त्या त्या गावाच्या वेळेची दुरुस्ती मी एकाच चौकोनात ठेवली, पहिल्या ओळीत, सातव्या रकान्यात. तिचा पत्ता चौकटी कंसाशिवाय, ‘आर१सी७’ असाच लिहावा लागतो. नेहमीच्या पद्धतीत त्यासाठी डॉलरची चिन्हं असतात. हे राहिलं, तर ओळीगणिक पत्ता एकेक घर खाली घसरतो आणि रिकाम्या चौकोनावर जाऊन पडतो. एक्सेल रिकामा चौकोन मुकाट शून्य धरतं. चूक दाखवत नाही, लाल खूण नाही. दुरुस्ती फक्त पहिल्या दिवसाला लागते.

उलट, कॅलेंडरमध्ये अमावास्येसमोर १५ ऐवजी ३० छापतात, त्याने बिघडत नाही. तिसाला ०.८ ने गुणलं की २४ तास. ‘मॉड’ या फंक्शनने अख्खा दिवस वजा केला, की पुन्हा दुपारचे बारा. पाऊणपटीने मात्र इथे दीड तासाचा घोळ होतो.

अर्थात चंद्र एका चालीने चालत नाही, तिथीही लहानमोठी होते. बंदरात जहाज घ्यायचं तर सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकंच हवीत. माझं पान जेट्टीवर किती वाजता निघायचं एवढं सांगायला पुरतं.

आणि मॅक्रोने लिहिलेलं कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाही. एकदा भलताच रकाना निवडलेला असताना बटण दाबलं आणि महिन्याच्या सगळ्या तिथी गेल्या. तेव्हापासून फाईल आधी दुसऱ्या नावाने सेव्ह करतो.